लांडगदऱ्यात लांडगा नाही

नकाशाला टाचण्या मारायला मंडपाला भिंतच नव्हती, म्हणून शिवप्रियानं तो मारुतीपुढच्या दोन खांबांना सुतळीनं ताणून बांधला. वारा आला की नकाशा फुगायचा. बब्रुवान सतरंजीवरून उठला, नकाशाची खालची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि चष्मा कपाळावर सारून नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं.

गावाच्या वरचा सगळा माळ पिवळा रंगवलेला. पिवळ्यावर लाल ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक पवनचक्की, आणि त्यातला एक नेमका लांडगदऱ्याच्या तोंडावर. कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासा होता: पिवळं म्हणजे पडीक, कुणाच्याही वापरात नसलेलं.

"वापरात न्हाय म्हनून कुणी सांगितलं?"

शिवप्रिया पाहणी करणाऱ्या कंपनीची नोकर. विशीतली पोरगी, बोलायला मऊ. तिनं हातातले कागद छातीशी धरले.

"तुम्हीच सांगितलंत, तात्या."

मागं कुणीतरी फसकन हसलं. बब्रुवाननं नकाशा सोडला तसा तो पुन्हा फुगला.

पोरगी खोटं बोलत नव्हती. मागच्या हिवाळ्यात ती दोन पोरांना घेऊन आली होती आणि पोरांच्या गळ्यात दुर्बिणी होत्या. दुर्बीण बघितली की बब्रुवान सावध व्हायचा. त्याची सासुरवाडी सोलापूरकडची. तिथं एका पक्ष्यापायी माळावर अभयारण्य पडलं, आणि मेव्हण्याला स्वतःचं रान विकता येईना की त्यात विहीर खणता येईना. तो पक्षी मेव्हण्यानं उभ्या आयुष्यात एकदाच बघितला, तोही उडून जाताना. तेव्हापासून बब्रुवाननं एक नियम केला, आणि तो दोनदा सरपंच झालेला माणूस असल्यानं नियम गावाचा झाला. दुर्बीणवाल्याला सांगायचं, माळावर दगड आहेत. जनावर नाही, पाखरू नाही. लांडग्यानं शेळी नेली तर गप बसायचं, वन खात्याच्या दारात जायचं नाही. त्यांनी एकदा लांडगा कागदावर घेतला की माळ लांडग्याचा झाला.

या गावाचं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही, शाळेच्या खोलीवर होत नाही. खोटं बोलण्यावर झालं.

पोरं दारोदार फिरली. हरण? न्हाय. खोकड? न्हाय. लांडगा? कधी ऐकला बी न्हाय. मग या दऱ्याला लांडगदरा का म्हणतात, असं एका पोरानं विचारलं तेव्हा बब्रुवाननं त्याला पलीकडचं टेकाड दाखवलं. त्याला सोनटेक म्हणतात. सोनं निघालं का तिथनं? पोरानं तेही लिहून घेतलं. चराईचं विचारलं तर चराई म्हटली की परवाना आला, दंड आला, म्हणून चराईही नाही असं सांगितलं. पोरं माळावर होती तेवढे दिवस गावानं शेरडं दावणीला बांधून ठेवली आणि बाभळीचे डहाळे तोडून घातले. लांडगा काय, दिवसा झोपतोच. गावाएवढाच तोही शहाणा निघाला.

हे सगळं कशासाठी विचारतात ते बब्रुवानला उशिरा कळलं. सरकार पवनचक्कीला असली पाहणी मागत नाही. पैसा लावणारी परदेशातली बँक मागते. आपल्या पैशानं कुणाचं वाटोळं झालं नाही असा कागद तिला लागतो. बब्रुवानला वाटलं होतं, खांब उभे राहतील ते ज्यांनी कंपनीशी जमिनीचे करार केले त्यांच्या रानात. गायरानाकडं कोण बघतंय. पण जे कुणाच्याच वापरात नाही त्याच्याकडंच कंपनी आधी बघते, एवढं साधं त्या दोनदाच्या सरपंचाला सुचलं नाही.

पुण्याहून आलेल्या पाहणी कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर अहवाल दाखवायला सुरुवात केली. साहेबांनी याआधी समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांसाठी कोळ्यांच्या गावांत अशाच सभा घेतल्या होत्या. साचा तोच होता. आवाजाचा परिणाम, सावलीचा परिणाम, पक्ष्यांवर परिणाम. मग एक ओळ आली: मासेमारीवर परिणाम, नगण्य.

"आमच्या टँकरमदी बगा बरं एखादा," पाठीमागून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. साहेबही हसले. साच्यात राहून गेलं म्हणाले, आणि तिथल्या तिथं ती ओळ खोडली. साच्यातली चूक अशी पटकन खोडता येते.

बायका देवळाच्या उजव्या अंगाला बसल्या होत्या. त्यांच्यात खांबाला टेकून अयोध्याआक्का बसली होती, बब्रुवानची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती एक गाभण पाट, म्हणजे पहिल्या वेताची शेळी, घेऊन माहेरी आली. तिच्या नावावर रान नाही. त्या एका शेळीपासून तिनं कळप वाढवला आणि भावाच्या भाकरीला कधी हात लावला नाही. ज्यांना रान होतं त्यांना कंपनी भाडं देणार होती. आक्काकडं होता तो माळ, आणि तो नकाशात कुणाचाच नव्हता.

बब्रुवान पुन्हा उठला. माईक पुढं आला तो त्यानं बाजूला सारला.

"म्या खोटं सांगितलं," तो म्हणाला. "गावानं बी. म्याच सांगाय लावलं. माळावर शेरडं चरत्यात. दऱ्यात लांडगा हाय. लिवून घ्या."

पहिल्यांदा तोंड उघडलं ते व्यंकटनं. व्यंकट म्हणजे गावातला पवनचक्की कंपनीचा माणूस. करार त्यानं गोळा केले, रस्ता करायला जेसीबीही त्याचाच चालणार होता. सभेचा चहाही त्याच्याकडूनच होता.

"तात्या, आज लांडगा आनला. उद्या वाघ आना. पंक्तीला कुनी कमी पडायला नगं."

लोक हसले. वर्षभरापूर्वी याच तोंडांनी लांडगा नाकारला होता, बब्रुवानच्या शब्दाखातर. आता ती त्याला हसत होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी करारावर सह्या केल्या होत्या, आणि सही केलेल्या माणसाला खरं फार लवकर ऐकू येईनासं होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात वर करून हसणं थांबवलं. लांडगा हा मोठा संरक्षित प्राणी आहे, म्हणाले, असेल तर सगळी पाहणी पुन्हा करावी लागेल, बँक सोडणार नाही. पण बोलण्यावर कसं धरायचं? मागं नाही म्हणालात, आज आहे म्हणताय. लांडग्यानं शेळी मारली तर वन खातं पंचनामा करून भरपाई देतं. त्यांनी ती नोंद मागवली होती. या गावातून आजवर एकही अर्ज गेलेला नाही.

"तुमची शेळी कधी गेली का, आजी?" त्यांनी आक्काला विचारलं, कारण बब्रुवान तिच्याकडंच बघत होता.

"लई गेल्या."

"मग तक्रार का नाही केली?"

आक्कानं पदर सारखा केला. दूध उतू गेल्यावर पातेल्याकडं बघावं तसं तिनं भावाकडं बघितलं.

"ते त्येला इचारा," ती म्हणाली.

सभा संपली. उपस्थितांनी सहकार्य केलं असं साहेबांनी माईकवर सांगितलं, आणि ते लिहूनही घेतलं.

शिवप्रिया नकाशाची सुतळी सोडत होती. बब्रुवान तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. गाठ सुटेना तेव्हा त्यानंच ती सोडवून दिली. नकाशा गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, तात्या, तुम्हाला काय वाटलं, मला तेव्हा कळलं नव्हतं? ती सास्तूरची. तिच्या जन्माच्या आधी भूकंप झाला आणि तेव्हापासून गावात इतके सर्वे झाले, की तिथली माणसं आधी विचारतात कशाचा सर्वे आहे, मग घरात किती माणसं ते ठरवतात. लेंड्या बघूनच तिला कळलं होतं, माळावर शेरडं चरतात. पण तिनं लेंड्या लिहिल्या नाहीत. लोकांनी सांगितलं ते लिहायचं, असा तिच्या नोकरीचा रिवाज होता.

"आता लिव की मग."

"आता माझ्या लिहिण्यावर नाही राहिलं." तिनं इकडंतिकडं बघितलं. साहेब गाडीत बसून फोनवर बोलत होते. "अहवाल सोमवारी जातो. त्याच्या आत वनरक्षकाचा एक पंचनामा आला, तर मला तो जोडावाच लागतो. मग साहेबांनाही अडवता येत नाही."

बब्रुवाननं सुतळीचं भेंडोळं तिच्या हातात दिलं.

"म्हंजी शेरडू मराय पायजे."

"मी असं म्हटलं नाही."

"न्हाय. तू कशाला म्हनशील, पोरी."

वनरक्षकाचं नाव शिवानंद. तो तालुक्याला राहायचा आणि त्याच्याकडं इतकी गावं होती की फोनवर तो आधी गावाचं नाव विचारायचा, मग माणसाचं. बब्रुवाननं फोन लावला तेव्हा तो म्हणाला, लांडगा आहे हे तुमच्या गावातनं पहिल्यांदाच ऐकतोय काका, अभिनंदन. मग म्हणाला, नुसतं आहे म्हणून मी येत नाही. जनावर पडलं की कळवा. पडलं तिथंच राहू द्या, हलवू नका. मी येतो, दात बघतो, माग बघतो, लिहून देतो.

फोन ठेवल्यावर बब्रुवान दोन दिवस आक्काच्या शेरडांच्या वाड्याकडं फिरकला नाही. आयुष्यभर ज्या जनावराला त्यानं लपवलं त्याच्याच दारात आता शिकार नेऊन बांधायची, आणि तीही बहिणीच्या दावणीची. रविवारी दुपारी तो गेला. आक्का पाण्याचं घमेलं शेरडांपुढं ठेवत होती. त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी शेळी दे म्हणाला, वेत संपलेली, तशीही या सालात जाणारच ती.

आक्कानं घमेलं ठेवलं आणि ती उंबऱ्यावर बसली. मग तिनं लांडग्यानं नेलेली एकेक काढली. कानाला पांढरा ठिपका असलेली होती, ती पहिली. तेव्हा तू म्हनलास, आक्का, गप ऱ्हा, माळ जाईल. जुळी देणारी गेली, तेव्हा बी हेच. तिची दोन पोरं चमच्यानं दूध पाजून वाढवली, त्यातलं एक परत त्यानंच नेलं. दर खेपंला गप ऱ्हा. ती हे सगळं रागानं सांगत नव्हती. हिशेब मागत असल्यासारखीही नाही. कुणाकुणाला वाढायचं राहिलं ते आठवावं तसं सांगत होती.

"मी गप ऱ्हायले," ती शेवटी म्हणाली. "माळ ऱ्हायला का?"

बब्रुवाननं दावणीतल्या म्हाताऱ्या शेळीकडं बोट केलं.

ती उठली आणि दावणीकडं गेली. म्हाताऱ्या शेळीला ओलांडून ती पुढं गेली आणि तिनं बाळ्याचं दावं सोडलं. बाळ्या म्हणजे तिचा काळा बोकड. आई मेल्यावर आक्काच्या अंथरुणाशेजारी वाढलेला. अजूनही भाकर तिच्या हातातूनच खायचा, खाली टाकलेली खायचा नाही.

"आक्का, हा नगं."

"म्हाताऱ्या शेळीला लांडग्यानं आजपातुर तोंड लावलं न्हाय. त्येला बी पारख हाय, बब्रू. तुझ्यासारखं न्हाय." तिनं दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं. "खरं करायचं म्हनतूस ना? मग खरं दे."

दिवस कलताना ते दऱ्यात उतरले. वर माळावर जमीन तपासायचं यंत्र उभं होतं. दिवाळीपासून ते सकाळ-संध्याकाळ धडधडत होतं. जमिनीच्या पोटातले दगड काढून पेट्यांत मांडून ठेवत होतं. रविवार म्हणून आज बंद होतं. दऱ्यात एवढी शांतता होती की बाळ्याच्या गळ्यातला घुंगूर समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. हिवराच्या खोडाला बब्रुवाननं दावं बांधलं. बाळ्या लगेच खालच्या फांदीला लागला. आक्कानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला, कानामागं खाजवलं, आणि ती चढ चढायला लागली. तिनं मागं बघितलं नाही. बाळ्या तिच्यामागं दावं ताणून ओरडला, एकदाच. मग परत पाला खायला लागला.

उजाडायच्या सुमाराला दोघं परत दऱ्याकडं निघाले. बब्रुवानच्या कमरेला कोयता होता. माळावर गडी माणूस रिकामा जात नाही. धुकं नव्हतं. उतारावर दोघांचीही पावलं आपोआप हळू झाली, कारण दोघंही ऐकत होते.

घुंगूर वाजला.

आक्का धावली. गुडघे धरून चालणारी ती म्हातारी दगडांवरून अशी उतरली की बब्रुवान मागं पडला. तो पोचला तेव्हा तिनं बोकडाच्या मानेला मिठी मारली होती आणि ती त्याच्या अंगावरून, पोटाखालून, पायांवरून हात फिरवत होती. कुठं ओरखडाही नव्हता. तिच्या पदरात भाकर होती. का आणली होती ते तिनं सांगितलं नाही. तिनं तुकडा मोडून पुढं केला आणि बाळ्यानं तो खाल्ला. ती हसत होती.

मग तिनं भावाकडं बघितलं, आणि तिचा हात थांबला.

बब्रुवान पुढं गेला. झऱ्याकाठच्या वाळूत नेहमी लांडग्याचे माग असायचे. आता साळिंदराचे होते, मोराचे होते, बाकी वाळू कोरी होती. तो वाकून लांडग्याच्या घळीपाशी गेला. लहानपणापासून त्याला ती घळ माहीत होती. आतून येणारा उग्र वास माहीत होता. घळीच्या तोंडावर कोळ्यानं आडवं जाळं विणलं होतं आणि जाळ्यावर धूळ बसली होती. पांढरी, दगडाच्या भुग्याची. तो बराच वेळ तिथं उकिडवा बसला. मग वर चढून आला.

"गेलाय," तो म्हणाला.

आक्का दगडावर बसली होती.

"दिवाळीपासनं एक बी शेरडू गेलं न्हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं."

वर माणसांचे आवाज आले. यंत्राच्या माणसांनी डिझेलचा डबा आपटला. थोड्याच वेळात धडधड सुरू झाली आणि दऱ्यातल्या उतारावरून बारीक खडे घरंगळले. बाळ्यानं कान टवकारले आणि पाडले.

सोमवार होता. शिवप्रियानं सकाळीच निरोप पाठवला होता, साहेब दुपारी अहवाल पाठवणार, काही असेल तर कळवा. बब्रुवान हिवराच्या खोडापाशी उभा राहिला. दावं अजून बांधलेलंच होतं. त्याचा उजवा हात कमरेकडं गेला, कोयत्याच्या मुठीवर टेकला आणि तिथंच राहिला. त्यानं हात काढला नाही, आणि आक्कानं तो बघितला.

कितीतरी वेळ ती त्या हाताकडं बघत होती. मग ती उठली. बाळ्याच्या गळ्यातला घुंगूर तिनं सोडला. गाठ आवळलेली होती, दातांनी ओढून सोडवावी लागली. घुंगूर तिनं कनवटीला खोचला. उरलेली भाकर बोकडापुढं धरली आणि तो संपवेपर्यंत वाकून उभी राहिली.

"आधी नरडं धरतूय लांडगा," ती भावाकडं न बघता म्हणाली. "मग पोट."

आणि ती चढ चढायला लागली.

ती वर पोचून दिसेनाशी होईपर्यंत बब्रुवान थांबला. मग त्यानं डाव्या हातानं फोन काढला. शिवानंदनं या वेळी गावाचं नाव विचारलं नाही.

"काय काका, पडलं का जनावर?"

बाळ्या त्याच्या धोतराचा सोगा हुंगत होता.

"या," बब्रुवान म्हणाला. "पर लई घाई करू नगा."